गूळपाण्यातले दाणे

ऐप्पसी सरत आली की मद्रासेत भिंतींना घाम फुटतो. आमच्या पंचांगात कार्तिक, रस्त्यावर तमिळ लोकांची ऐप्पसी. दोन्ही महिने एकाच दोरीवर वाळत घातलेले असतात आणि दोन्ही ओलेच राहतात. आगपेटीची काडी ओढावी तर गुलच मऊ होऊन निघून येतो. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. रेडिओवर बाई सांगते, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला आहे. हा पट्टा कसला ते मला अजून नीट ठाऊक नाही. माझ्या गुडघ्याला ठाऊक असतं.

आज सकाळी न्हाणीच्या कोपऱ्यात बघितलं, सांडलेले चार मूग भिंतीच्या फटीत फुगले होते, मोड आले होते. पांढरी, वाकडी शेपटी. पाऊल पडणार होतं, ते मी बाजूला घेतलं. एवढंच झालं. मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

मी लिहिणारा माणूस नव्हे. पाचवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, मास्तरांनी दुसऱ्याच्या खोडीबद्दल मला मारलं म्हणून. मराठी वडिलांनी घरात शिकवली, तमिळ रस्त्याने शिकवली, आणि बाकीचं गिंडीच्या इंडस्ट्रियल एस्टेटात लेथने शिकवलं. इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस म्हणाले, राव, अंकासाठी एखाद्या ऋतूची आठवण लिहा. मी म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा. शब्द बदललात तर कागद परत घेईन.

तर ऋतू हा. ऐप्पसी-कार्तिगैचा. आणि साल ते, ज्या साली माझ्या मुलीची, अंबूची, आई माघात गेली आणि कार्तिकात अंबूचं लग्न ठरलं होतं.

लेथवर दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी हात आपला वाटत नाही. दुखत नाही, तेच वाईट. दुखलं तर कळतं कुठे लागलंय. हात नुसता खांद्याला टांगलेला असतो. चहाचा पेला धरला तर गरम आहे की गार ते ओठाला लावल्यावर समजतं. त्या वर्षी मी सगळाच तसा होतो. माघ गेला, फाल्गुन गेला, उन्हाळ्यात पाण्याच्या लॉरीमागे घागरी घेऊन लोक भांडले, मीही भांडलो असेन. कामाला जात होतो. आटे पाडत होतो. माझ्या हातचा एकही नग त्या वर्षी परत आला नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं दुःखाने माणसाचं काम बिघडतं. माझं नाही बिघडलं. दुःख होतं की नव्हतं तेच मला सांगता येत नाही.

अंबूचंही तसंच. ती सरकारी बियाणं-तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकली, ते तिच्या आईच्या हट्टाने. मी म्हणत होतो टायपिंग शिकव. आई गेली त्या दिवशी अंबूने न्हाणं, पाणी, आल्यागेल्यांची कॉफी, सगळं केलं. डोळ्याला पाणी नाही. बायका म्हणाल्या, किती धीराची पोर. मी मनात म्हटलं, माझी आहे. मला त्याचा अभिमान वाटला होता. खोटं कशाला लिहू.

नंतरही घर जसंच्या तसं चाललं, कारण मी चालवायला लावलं. दारात कोलमची रांगोळी त्याच वेळेला पडायची. डिकॉक्शन त्याच फिल्टरमध्ये उतरायचं, कॉफी त्याच डवऱ्यात यायची. शनिवारी तेल लावून न्हाणं, शुक्रवारी देवीला पायसम. एकदा अंबूने कॉफीत साखर कमी घातली तेव्हा मी पेला सरकवून म्हटलं, ‘तुझी आई अशी करत नव्हती.’ तिने साखर घातली, ढवळली, परत ठेवली. दुसऱ्या दिवसापासून कॉफी हुबेहूब आईसारखी. मला बरं वाटलं. म्हणजे पोटाला बरं वाटलं.

आई होती तेव्हा जेवताना अंबूच्या प्रयोगशाळेच्या गोष्टी चालायच्या. काचेच्या बशीत ओला टिपकागद, त्यावर भाताचे दाणे मांडायचे, झाकायचे, आणि रोज उघडून बघायचे किती जागे झाले. मी हसायचो.

‘सरकार तुला दाणे मोजायचा पगार देतं होय गं?’

‘झोपलेले दाणे मोजायचा, अप्पा. जागे कुणीही मोजेल.’

‘झोपलेले कसे? मेलेले म्हण.’

‘नाही ना. सांबा भात कापल्या कापल्या पेरला तर उगवतच नाही. काही आठवडे झोपून राहतो. जिवंत असतो, पण उठत नाही.’

‘म्हणजे आळशी.’

‘आळशी नाही, शहाणा. आपल्या तंजावूरकडची भाताची कुरुवै जात बघा. तिला झोपच नाही. कापणीच्या तोंडाला ऐप्पसीचा पाऊस आला की उभ्या लोंबीवरच मोड. सगळं पीक फुकट.’

यावर तिची आई ताटात भात वाढता वाढता म्हणायची, ‘कुरुवै तुमच्यावर गेली आहे. वेळ नाही, काळ नाही, अंगावर थेंब पडला की उभे.’ आणि दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. मला चालायचं ते. बाहेर कुणी असं बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

आणि मोडाच्या गोडीचं तेव्हाच ऐकलं होतं. नाचणी, इथल्या भाषेत केळवरगू, रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवून, भाजून, दळायची. अंबू लहान असताना ह्याच पिठाची कंजी, म्हणजे पेज, तिला द्यायचो. एकदा मी चाटून बघितली तर गोड. मी बायकोवर ओरडलो, इतक्या लहान पोरीला साखर कशाला घालतेस? ती म्हणाली, साखरेचा दाणाही घातला नाही. मोड आला की धान्य आपोआप गोड होतं. माझा विश्वास बसला नाही. पुढे अंबूने कॉलेजातून येऊन सांगितलं की खरं आहे. दाण्यात पिठाचा साठा असतो, कुलपात ठेवल्यासारखा. तो खाता येत नाही. पाणी मुरलं की आतला कोंब निरोप धाडतो, आणि कवचाखालच्या थरातून रस सुटतो तो त्या पिठाची साखर करतो, थोडी थोडी, लागेल तशी. त्या साखरेवर मूळ बाहेर पडतं. पान उन्हाला लागेपर्यंत दाण्याने ते स्वतःचंच खायचं. मी म्हटलं, हे मात्र बरं, कुणाचं देणं नाही. स्वतःचं खाऊन उठणारा मला आवडतो, मग तो दाणा का असेना.

आई गेल्यावर अंबूने दाण्यांच्या गोष्टी बंद केल्या. मीही विचारलं नाही. जेवताना पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

लग्न आईनेच जुळवलं होतं. मुलगा वेल्लूरला बँकेत, आईबाप इथेच मद्रासेत, घर आपल्यातलं, तंजावूरकडचंच. तिने माणसं पारखली, बोलणं केलं, आणि मग दुखणं काढलं. जाण्याआधी माझ्याकडून शब्द वगैरे काही घेतला नाही तिने. तशी बाई नव्हती. पण मी तो स्वतःच दिला, मनातल्या मनात. आणि आमच्यात रीत आहे: आई किंवा बाप गेला तर लग्न वर्षाच्या आत करा, नाहीतर तीन वर्षं थांबा. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. पुढचा मार्गळी महिना लग्नाला चालत नाही. म्हणजे कार्तिकच. मी मंडप धरला, आचारी ठरवला. अंबूला सांगितलं.

‘बरं, अप्पा,’ ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. मी ते पुरेसं धरलं. मुलींनी याहून जास्त बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि मला वेळही नव्हता.

बाप एकटा असला की कन्यादानाला बसता येत नाही, जोडपं लागतं. म्हणून कुंभकोणमहून माझी थोरली बहीण तुळजाक्का आणि तिचे यजमान आले. अक्का आली ती घर ताब्यात घेतच आली. सामानाच्या टोपल्यांमागोमाग तिचा आवाज जिना चढला.

‘गोविंदा! हा काय रंग झालाय रे तुझा? आणि ही पोर बघा, लग्नाची नवरी आहे की इन्स्पेक्टर? अंबू, हास की गं जरा, दात मोजून घ्यायचेत मला.’

अंबू हसली. सांगितलं म्हणून हसली.

आमच्याकडे लग्नाआधी पालिकै असतात. तमिळ लोकांची रीत, पण पिढ्यान्‌पिढ्या आमचीही झालेली. भटजी तिला अंकुरार्पण म्हणतात. मातीच्या छोट्या कुंड्या, वर रुंद, कमरेला बारीक, खाली परत पसरट. तळाशी बेलाचं पान, वर वारुळाची माती. सवाष्णींनी भिजवलेलं धान्य त्यात पेरायचं, दूध-पाणी शिंपडायचं. भात, मूग, उडीद, तीळ, मोहरी. लग्नाच्या दिवसापर्यंत हिरवे-पिवळे कोंब वर आलेले पाहिजेत. दाट आले तर संसार दाट. मग लग्न झालं की ते पाण्यात सोडायचे. हल्ली मंडपातच सकाळी पेरतात, संध्याकाळी बुडवतात. उगवलं काय, न उगवलं काय. आमच्या घरात तेव्हा नीट आधी पेरत असत.

अक्काने पेरलं. शेजारच्या बिऱ्हाडातल्या मामी आणि आणखी सवाष्णी आल्या, गाणी म्हटली. पण त्याआधी अक्काने एक केलं. धान्य तिने साध्या पाण्यात भिजवलं नाही. गुळाचं दाट पाणी केलं, पाकच म्हणा, त्यात ते टाकलं. वर सकाळ-संध्याकाळ शिंपडायला दुधात गूळ कालवून ठेवला.

‘अक्का, असं कधी करत नाहीत,’ मामी भीत भीत म्हणाल्या.

‘तुमच्यात नसतील करत. पोरीला आई नाही. आईविना पोरीचं सगळं जरा जास्त गोड करावं लागतं.’ आणि डोळ्याला पदर लावून तिने आणखी एक खडा टाकला.

मी तिथेच खुर्चीवर होतो. अंबू पाट पुसत होती. तिने त्या पातेल्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. तिला तेव्हाच माहीत होतं. नंतर मी विचारलं, बोलली का नाहीस? तर म्हणाली, ‘आत्या रडत होती.’

मग पाऊस लागला. लागला म्हणजे बसला. रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्यात नारळाच्या करवंट्या आणि एक चप्पल. एस्टेटाला वीज नाही म्हणून मी घरी. वर्षभरात पहिल्यांदा मी दिवसाउजेडी सलग घरात बसलो, आणि घरात काय चालतं ते बघितलं. अंबू उठायची, कोलम घालायची, तो पाऊस पुसून टाकायचा, ती परत घालायची. पापड तळायची. साड्यांना फॉल लावायची. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात डबा. रवा लाडू, म्हैसूरपाक, पायसम. आईविना पोर ना. ती प्रत्येकीसमोर एक घास खायची, ‘छान झालंय’ म्हणायची. दिवसभर पोरीच्या तोंडात काही ना काही गोड असायचं. चेहरा मात्र टिपकागदासारखा.

कुंड्या देवापुढे होत्या. अक्का शिंपडत होती. दोन दिवसांत मुगांना तरी मोड यायला हवे होते. काही नाही. मुंग्या आल्या, तांबड्या, उंबऱ्यापासून कुंडीपर्यंत रांग. अक्काने हळदीची रेघ ओढली. मग वास यायला लागला, ताडी आंबल्यासारखा. अक्काने कापूर लावला. मातीवर गुळाची तपकिरी खपली धरली होती आणि तिच्याखाली धान्य पेरलं तसंच.

अक्काचा आवाज प्रथमच खाली गेला. ‘गोविंदा, कुणाला सांगू नको. मैलापुरात मोड आलेले मूग मिळतात. आणते आणि खोचते.’

‘खोचतेस?’

‘मातीत रे. कोण बघतंय मुळं धरलीत की नाही?’

‘माझ्या घरात उसनं उगवलेलं चालणार नाही.’

‘मग काय ओसाड कुंड्या मांडवात नेतोस? लोक काय म्हणतील, आई वरून नको म्हणतेय म्हणतील!’

हे ती बोलली आणि दारात छत्र्या मिटल्याचा आवाज झाला. मुलाचे आईबाप. पावसातून, रिक्षा करून, मुहूर्ताच्या साडीचा रंग दाखवायला आले होते. मुलाच्या आईचं नाव सीताबाई. बाई वाईट नव्हत्या. आत आल्या आल्या देवाकडे वळून हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

‘हे कधी पेरलंत?’

अक्का म्हणाली, ‘परवाच... म्हणजे... थंडी आहे ना.’

‘मद्रासेत थंडी?’ सीताबाई वास घेत म्हणाल्या. ‘अय्यो, हे तर आंबलंय.’ मग नवऱ्याकडे बघून, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: ‘मी तेव्हाच म्हटलं होतं. वर्षाच्या आतलं कार्य आहे, नीट बघून घ्या म्हणून.’

मुलाचे वडील कचेरीतले हेडक्लार्क. त्यांनी रुमालाने टक्कल पुसलं. ‘शास्त्राला तोड असते गं. भटजींना विचारू. एखादी शांती, दुसऱ्या कुंड्या...’

‘आणि त्याही नाही आल्या तर?’

सगळे अंबूकडे बघायला लागले, जणू तिने ते धान्य गिळलं होतं. मी तर बघतच होतो. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. हाताला झालेलं असतं तसं, कुठेतरी लागतंय, कुठे ते कळत नाही.

अंबू उठली. केसातला आकडा काढला, कुंडीतली खपली त्याने उचकटली आणि एक भाताचा दाणा, एक मूग तळहातावर घेतला. नळाखाली धुतला. मूग नखाने दाबून बघितला. आणि वर्षभरात तिने काढला नव्हता असा आवाज काढला; मोठा नाही, पण तिचा स्वतःचा.

‘मेले नाहीत. थांबलेत.’

‘म्हणजे काय गं?’ अक्का.

‘गोड पाणी घातलं ना, म्हणून. इतकं गोड असलं की दाण्याला पाणी ओढून घेता येत नाही, हे एक. आणि दुसरं...’ ती थांबली. प्रयोगशाळेत कुणाला समजावत असल्यासारखी परत सुरू झाली. ‘दाणा लोंबीवर असतो तेव्हा झाड त्याला साखर पाजत असतं. सारखी. तेव्हा त्याने उगवायचं नसतं, नुसतं भरायचं असतं. झाड वाळलं, साखर यायची थांबली, की मग त्याला समजतं, आता आपण सुटे झालो. मग पाणी मिळालं की तो स्वतःचं कुलूप उघडतो. इथे तुम्ही बाहेरून साखर घालत राहिलात. आम्ही बशीत करून बघितलंय, साखरेच्या पाण्यातले दाणे मागे राहतात. त्यांना वाटत असावं, आपण अजून लोंबीवरच आहोत.’ तिने मूग बोटांत फिरवला. ‘आईकडे.’

पागोळ्या पडत होत्या. सीताबाईंनी साडीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

अंबू म्हणाली, ‘धुऊन साध्या पाण्यात ठेवले तर येतील. वेळ लागेल.’

‘किती वेळ?’ मुलाच्या वडिलांना धीर आला. ‘मुहूर्तापर्यंत?’

‘ते त्यांच्यावर आहे.’

मी बियांवरून माणसं ओळखणारा नव्हे. भाताचा दाणा भाताचा, पोर पोरीच्या जागी. पण त्या खोलीत मला चार गोष्टी एकदम दिसल्या, जशा वीज आली की दिसतात: भिंतीला टेकवलेल्या डब्यांची उतरंड, अक्काच्या हातातलं गूळदुधाचं भांडं, माझ्या हातातला कॉफीचा डवरा, आणि अंबूची मान, जी बोलणं संपताच परत खाली गेली होती. माघापासून या घरात आई गेलेली नव्हती. मी जाऊच दिली नव्हती.

मी म्हटलं, ‘अंबू, तुला हे लग्न करायचंय का?’

‘अरे, हे काय विचारणं झालं!’ अक्का ओरडली. ‘साड्यांना फॉल लावून झाले!’

‘तू गप गं. अंबू?’

तिच्या हातातून पाणी टपकत होतं. ‘मला माहीत नाही, अप्पा.’ मग, ‘मला काहीच वाटत नाही. या लग्नाचंच नाही. कशाचंच.’

हे वाक्य माझं होतं. ते तिच्या तोंडून ऐकलं आणि मला कळलं की हे मी वर्षभर बोलू शकलो असतो, बोललो नाही.

मी मुलाच्या वडिलांकडे वळलो. चारचौघांत दिलेला शब्द मी आयुष्यात परत घेतलेला नाही. एकदा मालकाशी वाद होऊन नोकरी सोडली, पण शब्द नाही. ते सगळं मला त्या क्षणी आठवलंही. ‘राव, कार्य थांबवायचं.’

‘मुहूर्त पुढे ढकलू म्हणता? पण मग मार्गळी, मग वर्ष भरतं...’

‘हो. मग तीन वर्षं.’

‘आमचा मुलगा तीन वर्षं थांबायचा नाही, गोविंदराव.’

‘नका थांबवू. त्याला दुसरीकडे बघा. चांगला मुलगा आहे.’

सीताबाई उठल्या. जाता जाता त्यांनी अंबूच्या डोक्यावरून हात फिरवला, हे मी लिहिलंच पाहिजे. मुलाचे वडील मात्र जिन्यावरून म्हणाले, ‘दाणे उगवले नाहीत म्हणून लग्न मोडणारा बाप पहिलाच बघितला.’ मी म्हटलं, ‘बघून घ्या नीट.’

अक्काने त्या दिवशी माझ्याशी जे भांडण काढलं त्यातलं निम्मं आमच्या लहानपणापासूनचं होतं. पोरीला घरात बसवणार, बायकोचा शब्द बुडवला, समाजात तोंड दाखवायला जागा नाही, आणि शेवटी, ‘माझ्या गुळावर खापर फोडलंस!’ मी म्हटलं, गूळ चांगलाच होता. ती रडली, तिचे यजमान निमूट टोपल्या बांधायला लागले, आणि दुपारच्या गाडीने दोघं गेली. अक्का वर्षभर बोलली नाही. मीही पत्र घातलं नाही.

माझं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही, आता म्हणणार नाही. बरोबर केलं असंही कुणी म्हणावं ही अपेक्षा नाही. वेल्लूरच्या मुलाचं पुढच्याच वैशाखात लग्न झालं. अंबूचं बऱ्याच वर्षांनी झालं, रजिस्टर पद्धतीने, तिच्या कामावरच्या एका अबोल माणसाशी, जो आमच्यातला नाही. तिथे कुंड्या नव्हत्या. मी सही केली. आता ती कोइंबतूरला असते. रविवारी फोन करते आणि इकडे पाऊस आहे का विचारते. मधल्या वर्षांत तिने सुख काढलं की दुःख, ते मला सांगता येणार नाही. ती सांगेल तर सांगेल.

पण मला त्या ऋतूतलं जे राहिलं आहे ते हे सगळं नव्हे. राहिली आहे ती त्याच दिवसाची दुपार. अक्का गेल्यावरची. पाऊस जरा ओसरला होता, उजेड राखेसारखा. अंबूने डब्यांतलं गोड काढून गायीच्या बादलीत टाकलं, डबे घासले, पालथे घातले. दाणे धुऊन फडक्यावर पसरले की नाही ते मला आठवत नाही. मग हात पुसत ती पुढच्या खोलीत आली, चटई उलगडली, आणि भर दुपारी, दार उघडं असताना, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी वाट बघितली. कॉफीची वेळ झाली. हाक मारायला मी तोंड उघडलं, सवयीने. तिची पाठ हलत होती. आधी मला वाटलं श्वास आहे. मग आवाज आला, उशीत कोंबलेला, लहान मुलांचा असतो तसा, तोंड उघडं टाकून केलेला. ‘आई गं’ असं काहीसं. खूप वेळ चाललं ते. मी जागेवरून उठलो नाही. जवळ गेलो नाही. काय करतात ते मला माहीत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांना तेव्हाही काही झालं नाही. हळूहळू आवाज तुटक झाला, मग थांबला, आणि ती झोपली. खरी झोप, हात उताणा, बोटं अर्धी मिटलेली.

मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली. जन्मात पहिल्यांदा. डिकॉक्शन पाणचट झालं, दूध उतू गेलं, साखरेचा डबा सापडला नाही. तीच प्यालो.

मामी दारात आल्या, वाटीवर ताट झाकून. त्यांना सगळं कळलं होतं, पातळ भिंत. चटईकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. ‘अण्णा, या वेळेला झोपली? कोलम राहिलाय, दिवेलागण होईल. उठवू का?’

‘नको.’

‘मग कधी उठायची?’

मी दार अर्धं लोटून घेतलं, उजेड तिच्या तोंडावर येत होता म्हणून.

‘उठेल,’ म्हटलं, ‘तिची ती.’